दोनपासून सुरू झालेली मोजणी

चेन्नईत, वेलचेरीच्या घरात आमचं सामान लागलं त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे घरमालक जिना चढून वर आले आणि दारात उभे राहून मला म्हणाले, "काय होणा?" मला ऐकू आलं, "काय होणार?" आधीच माझं डोकं उठलं होतं. नवऱ्याला शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून नाशिक सोडून आलेलो, खोक्यांमध्ये शेगडीची नळी सापडत नव्हती, आणि हे अनोळखी गृहस्थ येऊन भविष्याची चौकशी करत होते. "ते मलाही माहीत नाही," मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं. ते क्षणभर गोंधळले आणि मग मोठ्याने हसत सुटले. त्यांच्या मराठीत 'होणा' म्हणजे 'पाहिजे'. पाणी, दूध काही हवंय का, एवढंच विचारायला ते आले होते.

त्यांचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं मराठी घराणं. स्वतः ते रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा परदेशात. मराठी बोलायचे ती तमिळच्या चालीवर, आणि मराठी लिहायचे ती चक्क तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी ते शाळेत शिकलेच नव्हते. जिन्याच्या कठड्याला दोऱ्याने बांधून माझ्यासाठी चिठ्ठ्या ठेवायचे. बसच्या पाट्या वाचून वाचून मला तमिळ अक्षरं थोडीफार यायला लागली होती. एकेक अक्षर जुळवत मी ती चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि शेवटी कळायचं की उद्या पाण्याचा टँकर येणार आहे. तमिळमध्ये प, ब, भ ह्यांना मिळून एकच अक्षर असतं, त्यामुळे 'भाजी' आहे की 'पाजी' हे मला अंदाजानेच ठरवावं लागे.

मी त्यांना काका म्हणायची. ते मला अम्मा म्हणायचे, जसं इथे कोणत्याही बाईला म्हणतात तसं. कुणाशी ओळख करून द्यायची वेळ आली की मात्र "आमची वरची टेनंट" एवढंच. त्यात वावगं काही नव्हतं, मी टेनंट होतेच.

आता माझ्याबद्दल. मी शिल्पकला शिकलेली. चेन्नईला आल्यावर चार वर्षांत मी एकही काम केलं नव्हतं. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या मुलांना शनिवारी चित्रकला शिकवायची, म्हणजे डोंगर, सूर्य आणि मधून नदी. कुणी विचारलं काय करता, तर मी "सध्या घरीच" असं म्हणायची, आणि त्या 'सध्या'ला चार वर्षं होऊन गेली होती. ह्याचा मला राग यायचा, आणि तो राग मी बहुतेक वेळा नवऱ्यावर काढायची. तो बिचारा ऐकून घ्यायचा.

त्यानेच एके दिवशी वर्तमानपत्राचं कात्रण आणून फ्रीजवर लावलं. शहराच्या जुन्या भागातल्या एका लहानशा खासगी संग्रहालयाने नव्या कलाकारांसाठी बक्षीस जाहीर केलं होतं. त्यांच्या जुन्या संग्रहातली एक वस्तू निवडायची आणि तिच्यावरून आजचं काम करायचं. दहाजणांची कामं संग्रहालयात महिनाभर मांडली जाणार आणि शेवटी परीक्षक त्यांतलं एक निवडणार. मी दोन दिवस त्या कात्रणाकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी बस पकडून संग्रहालयात गेले.

तिथे कुलपं होती, दिवे होते, पालख्यांचे दांडे होते. एका कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात धान्य मोजायची पितळी मापं ओळीने ठेवली होती. त्यांतल्या मोठ्या मापासमोर मी थांबले, कारण ते माझ्या ओळखीचं होतं. तसंच एक, लोखंडी, काकांच्या घरी होतं. त्याला इथे पडी म्हणतात. दर महिन्याला तांदळाची नवी पिशवी आली की काका खाली ओसरीवर बसून पडीने तांदूळ मोजत डब्यात ओतायचे आणि मोठ्याने आकडे म्हणायचे. वर आमच्या स्वयंपाकघरात शब्द नीट कळायचे नाहीत, नुसती चाल ऐकू यायची. पंचवीस किलोची पिशवी वजन करूनच आलेली असते, ती परत कशाला मोजायची, असं मी एकदा विचारलं होतं. "वजन दुकानवाल्याचें. माप आपलें," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. मापाचे ठसे घेऊन मी कागदाच्या लगद्याची वीस मापं करणार, ती ओळीने मांडणार, आणि त्यांतून तुमच्या मोजणीचा आवाज येईल. पडी तीन आठवडे लागेल. काका म्हणाले, "आणि मी भात कशाने खाऊं?" पण लगेच उठून पडी घासून आणून दिली. आवाज पुढच्या महिन्यात नवी पिशवी येईल तेव्हा घेऊ, असं मी म्हटलं.

"पुढच्या महिन्यांत नक्को. उद्यांच घे," ते म्हणाले. "परवांच आलेत ते तांदूळ परत पिशवींत घालतों."

मला वाटलं, गावाला जाणार असतील. घसा त्यांचा दोन महिने बसलेला होता, ते पावसाळी सर्दीचं समजून मी त्यांना लवंगा चघळायला सांगितल्या होत्या. डॉक्टरांनी तारीख दिली होती आणि त्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढणार होते, हे मला पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या मित्राचा छोटा रेकॉर्डर मी तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला. काकांनी पहिली पडी भरली, तळहाताने वर सपाट केली, आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटत ओतली. मला ऐकू आलं 'लाबम्'. मग खोकले. मग दुसरी पडी, आणि लांबवत म्हटलेलं "दो...न". तांदूळ पडून संपेपर्यंत आकडा संपत नसे. तीन, च्यार, पांच, असं करत वीसपर्यंत. वीस म्हणून झाल्यावर त्यांनी डब्याला हात जोडले.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते संगणकावर ऐकलं. 'एक' नव्हताच. रेकॉर्डरचं बटण दाबायला मला उशीर झाला असणार, असं मी ठरवलं. सुरुवातीला जे होतं ते तमिळमधलं काहीतरी, 'थांब' किंवा 'चालू कर' असं, आणि वर खोकला. मी ते कापून टाकलं. खाली जाऊन विचारायला फक्त चौदा पायऱ्या होत्या. पण मी कलाकार झाले होते ना पुन्हा, चार वर्षांनी. मला एकदम सुचलं होतं. मोजणी दोनपासून सुरू होते, ह्याला अर्थ आहे. पहिला हरवलेला आहे. घर सोडून दूर आलेल्या माणसांचा पहिला आकडा नेहमी मागे राहतो. मी त्या दुपारी पानभर लिहिलं. ओळीतली पहिली जागा रिकामी ठेवायची ठरवली, तिथे जमिनीवर नुसतं वर्तुळ, आणि पुढे एकोणीस मापं. कामाचं नाव 'गहाळ एक'. आज ते पान आठवलं की माझे कान तापतात.

मूळ रेकॉर्डिंग पुसून रेकॉर्डर परत दिला. दोनपासूनची मोजणी तेवढी माझ्या सीडीवर राहिली.

शेवटच्या दहांत माझी निवड झाली. पत्रात लिहिलं होतं की रिकाम्या पहिल्या जागेची कल्पना निवड समितीला विशेष भावली. मी ते पत्र घेऊन खाली धावले, आणि दाराला कुलूप दिसलं तेव्हा लक्षात आलं की काका रुग्णालयात आहेत.

ते परत आले ते गळ्याला पट्टी आणि हातात लहान मुलांची जादूची पाटी घेऊन. वरचा पातळ कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं, तसली पाटी. मुलगा महिनाभर राहून परत गेला. जिन्याला चिठ्ठ्या बांधणं बंद झालं, कारण आता ते पाटीच घेऊन वर यायचे. घर फार शांत झालं. नवी तांदळाची पिशवी आली तेव्हा मी वरून कान देऊन होते. नुसते तांदूळ पडल्याचे आवाज आले, वीस वेळा.

प्रदर्शन लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात, चालायची ताकद आल्यावर, काकांना मी संग्रहालयात घेऊन गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला उपरणं गुंडाळून पट्टी झाकलेली. मला त्यांना आनंद द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही करून घ्यायचं होतं. ते एकोणीस मापांच्या ओळीसमोर उभे राहिले. त्यांचा आवाज आला, "दो...न". ते ऐकत राहिले. आपलाच आवाज, जो आता आपल्याजवळ नाही, तो ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मी भिंतीकडे बघत होते. वीसपर्यंत मोजणी झाली, थोडा वेळ शांतता, आणि पुन्हा "दो...न". त्यांनी पुन्हा सगळं ऐकलं. मग पाटीवर काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं.

मी अक्षरं जुळवली. ला. प. म्. "लापम्?" मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि बोट त्या रिकाम्या वर्तुळाकडे केलं. मला काही कळेना. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, गळ्याच्या पट्टीमागून नुसता श्वास आला, आणि ते माझ्यावर चिडले. पाटीवर बोटाने टकटक करत राहिले.

दालनात पहाऱ्याला एक बाई असत, खाकी साडीतल्या. त्यांचं गाव ओरगडमजवळ, आणि जिथे त्यांचं भातशेत होतं तिथे आता ट्रकचा कारखाना होता, हे त्यांनी मला मांडणीच्या दिवसांत सांगितलं होतं. त्या पुढे आल्या, पाटी वाचली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "लाभम्. बरोबर आहे त्यांचं. मीसुद्धा रोज म्हणते मनात, ह्यांनी लाभम् का नाही म्हटलं?" मग माझं तोंड बघून त्यांनी लहान मुलाला शिकवावं तसं हाताने भात मोजून दाखवलं. "लाभम्, रेंडु, मूणु, नालु. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. धान्य घरात येतंय ना, मग एक कसं म्हणायचं? लाभ म्हणायचं."

काका जोरजोरात मान डोलावत होते. मग त्यांनी कागद उचलून पाटी कोरी केली आणि लिहिलं, आमच्या मराठीतही तेच. लाभ, दोन, तीन.

त्या संध्याकाळी मी नाशिकला आईला फोन केला. "हो, आमच्याकडे खळ्यावर असंच मोजायचे," आई म्हणाली. "लाभ, दोन, तीन. तुला माहीत नाही? तू कुठे बघितलंस म्हणा कधी धान्य मोजताना." म्हणजे हे तमिळ नव्हतंच, किंवा तमिळही होतं आणि मराठीही. काही हरवलेलं नव्हतं. एक मागे राहिला नव्हता. माणसाने सगळ्यांत आधी शुभ शब्द उच्चारला होता, शिल्लक असलेल्या आवाजात, खास माझ्यासाठी, आणि मी तो खोकल्यासकट कापून फेकला होता. मी स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडले. नवऱ्याने मित्राला फोन केला, रेकॉर्डर मागवला, ऑफिसातल्या दोघा-तिघांना विचारलं. पुसलेलं परत येण्यासारखं नव्हतं.

सकाळी मी खाली गेले आणि काकांना सांगितलं की शब्द गेला, आणि मी काय लिहून दिलंय तेही वाचून दाखवलं. 'गहाळ एक' ऐकून ते आवाज न करता हसले. मग लिहिलं, "राहूं दे. तुला बक्षीस होणा ना."

होणा होतं. फार होणा होतं. त्या रिकाम्या वर्तुळानेच मला शेवटच्या दहांत आणलं होतं, आणि ते भरलं की माझ्या कल्पनेत काही उरत नव्हतं. पण त्यांची मोजणी ह्या जगात आता त्या एका सीडीवरच होती. ती चुकीची कशी ठेवायची? आणि बरोबर तरी कशी करायची, पहिला शब्द म्हणणारा आवाजच नव्हता. मी हे त्यांना म्हटलं. त्यांनी पाटी पुढे ओढली आणि लिहायला घेतलं. पाटी लहान, दोनदा पुसून लिहावं लागलं.

"पहिलें माप घरचें कोणीहि म्हणतें. मी लहान असतां माझी आई म्हणे, पुढें वडील मोजत." कागद उचलला. "तूं म्हण."

ती अक्षरं मी दोनदा वाचली. त्यांत टेनंट हा शब्द नव्हता.

संग्रहालयाचं काम बघणाऱ्या बाई नेमस्त आणि सरळ होत्या. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. काम मांडल्यावर बदलता येत नाही, असा नियम होता. परीक्षकांना लेखी कळवावं लागेल, ते तुमचं काम बादही करू शकतात, आणि नाही सांगितलंत तर कुणाला कळणारही नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. मी तिथल्या टेबलावरच बसून पत्र लिहिलं. 'गहाळ एक' गहाळ नव्हता, माझ्या अज्ञानाने मी तो कापला, अशी सुरुवात केली आणि पुढे सोप्या वाक्यांत काय घडलं ते लिहिलं. त्या पानभर कल्पनेपेक्षा हे लिहायला मला जास्त वेळ लागला. बाईंनी पत्र वाचलं आणि विचारलं, "हेच कामाशेजारी लावू का? तमिळमध्येही करून घेते." परीक्षकांनी दोन दिवसांनी परवानगी दिली.

रिकाम्या वर्तुळात ठेवायला विसावं माप करायचं तर लगदा वाळायला आठवडा लागला असता. काकांनी स्वतःची पडी आणून दिली. महिना संपेपर्यंत त्यांनी स्टीलच्या लोट्याने तांदूळ मोजले. आणि आवाज? नवऱ्याने पुन्हा रेकॉर्डर आणला, काकांनी ओसरीवर पडी भरली, तळहाताने सपाट केली, आणि माझ्याकडे बघून ओतली. मी म्हटलं, "लाभ." पहिल्यांदा ते फार तोऱ्यात निघालं. दुसऱ्यांदा घाबरून. पाचव्या वेळी काकांनी मान डोलावली तेव्हा थांबलो. तांदूळ पडण्याचा आवाज तोच, डबाही तोच, त्यामुळे जोड कळत नाही. माझा "लाभ" संपतो आणि त्यांचा "दो...न" सुरू होतो.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बक्षीस एका तरुण मुलीला मिळालं. तिने संग्रहालयातल्या जुन्या कुलपांवरून मेणाची कुलपं केली होती, आणि चेन्नईच्या उकाड्यात ती रोज थोडी थोडी वाकत होती. काम खरंच चांगलं होतं, मी परीक्षक असते तर तिलाच दिलं असतं. एका परीक्षकांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की कल्पना म्हणून तुमचं आधीचं रूप जास्त धारदार होतं. "हो, पण ते खोटं होतं," मी म्हटलं. ते गृहस्थ चांगले होते, त्यांनी वाद घातला नाही. पहारेकरी बाई मात्र मला म्हणाल्या की आता शाळेच्या सहलीतली मुलं येतात तेव्हा त्या स्वतः पुढे होऊन पहिलं माप दाखवतात.

त्यानंतर माझी कामं झाली, अजून होतात, आणि त्या प्रत्येकाआधी मी खाली जाऊन कुणालातरी विचारते, हे मी तिथे शिकले. काय करता, असं कुणी विचारलं तर 'सध्या' हा शब्द मी पुन्हा वापरला नाही. पण त्या संध्याकाळी हे सगळं पुढचं कुठे माहीत होतं. मला वाईट वाटत होतं, आणि माझ्यापेक्षाही काकांसाठी वाटत होतं. इतकी माणसं जमली होती, त्यांच्या आवाजाला काहीतरी मिळायला हवं होतं.

शेअर ऑटोत आम्ही दाटीवाटीने बसलो. काकांच्या मांडीवर पडी, पडीवर पाटी. "काका, नाही मिळालं," मी म्हटलं. त्यांनी पेन घेतलं आणि हिसके सांभाळत, नीट, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली. तीच तीन अक्षरं होती. ह्या वेळी मला ती जुळवावी लागली नाहीत. वेलचेरी येईपर्यंत त्यांनी वरचा कागद उचलला नाही.